मुखपृष्ठावरची बाई गप्प का?

(गिरगाव येथे झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)



आजचा विषय जाहीर झाल्यावर आयोजकांना म्हणे दोन फोन आले. एकानं विचारलं, मुलांना आणलं तर चालेल का? दुसऱ्यानं विचारलं, प्रोफेसरांना या वयात हे काय सुचलं? पहिल्याला माझं उत्तर असं, की पंधरा-सोळाच्या पुढची मुलं असतील तर जरूर आणा. त्यांनी जे बघितलंय ते आपल्यापेक्षा जास्तच असेल. दुसऱ्याला उत्तर द्यायला मात्र थोडा वेळ लागेल.

सुरुवात इथूनच करू. इथून चौपाटीकडे चालत गेलं की विल्सन कॉलेज लागतं. तिथं रघुनाथ धोंडो कर्वे गणित शिकवत. महर्षी कर्व्यांचे हे थोरले चिरंजीव. संततिनियमनाचा जाहीर प्रचार करतात म्हणून १९२५ साली त्यांना ती नोकरी सोडावी लागली. पुढं जुलै १९२७ मध्ये त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढलं आणि १९५३ साली मरेपर्यंत, पदराला खार लावून, जवळजवळ एकहाती चालवलं. अश्लीलतेचे खटले झाले, दंड झाले. १९३४ सालच्या खटल्यात तर त्यांच्या बाजूनं डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. वाचकांनी लैंगिक प्रश्न विचारले आणि संपादकानं उत्तरं दिली, हा गुन्हा होता! खटला हरले. पण महाराष्ट्राच्या वैचारिक इतिहासात तो दिवस हरल्याचा नाही, असं मी मानतो.

हे सगळं तुम्हाला माहीत आहे. अमोल पालेकरांचा ‘ध्यासपर्व’ पाहिला असेल, अतुल पेठ्यांनी केलेलं ‘समाजस्वास्थ्य’ नाटक पाहिलं असेल. मी कर्व्यांचा चाहता आहे. पण चाहत्यानंच टीका करावी. म्हणून एक अडचणीचा प्रश्न विचारतो.

‘समाजस्वास्थ्य’च्या मुखपृष्ठावर नग्न स्त्रीचं चित्र असे. कर्व्यांची भूमिका थोडक्यात अशी, की अश्लीलता चित्रात नसते, बघणाऱ्याच्या मनात असते. नग्नतेत लाजण्यासारखं काही नाही. विरोधक म्हणायचे, समाज बिघडतो. दोन्ही बाजू हिरीरीनं भांडल्या. पण गंमत बघा, दोघंही बोलतायत ते बघणाऱ्याबद्दल. त्याचं मन शुद्ध की अशुद्ध? तो बिघडेल की सुधारेल? जिच्याकडे बघितलं जातंय ती या भांडणात कुठंच नाही. आणि याच मासिकाच्या आतल्या पानांत कर्वे लिहीत होते, की स्त्रीलाही इच्छा असते, तिलाही सुखाचा हक्क आहे, नकाराचाही आहे. म्हणजे आतल्या बाईला मत होतं आणि मुखपृष्ठावरची बाई गप्प होती. माझं आजचं सगळं म्हणणं या दोन बायकांमधल्या फरकाबद्दल आहे.

आपल्या कायद्यानंही बराच काळ बघणाऱ्याचाच विचार केला. मुंबईतल्या एका बुक स्टॉलचे एक भागीदार रणजित उदेशी. पोलिसांनी बनावट गिऱ्हाईक पाठवलं आणि ‘लेडी चॅटर्लीज लव्हर’ विकल्याबद्दल खटला भरला. बचावासाठी मुल्कराज आनंद यांची साक्ष झाली. १९६४ साली सर्वोच्च न्यायालयानं उदेशींची शिक्षा कायम केली. कसोटी कुठली? इंग्लंडमधली १८६८ सालची, हिकलिन खटल्यातली: ज्यांचं मन अशा गोष्टींना बळी पडू शकतं, त्यांना हे साहित्य भ्रष्ट करेल का? पुढं ‘रंभा’च्या १९६२ च्या दिवाळी अंकातली चंद्रकांत काकोडकरांची ‘श्यामा’ १९६९ साली त्याच न्यायालयात अश्लीलतेच्या आरोपातून सुटली. निकाल उलटा लागला, पण प्रश्न तोच. वाचक बिघडेल का?

कादंबरीपुरता हा प्रश्न चालून जातो. श्यामा कागदावरची आहे. तिच्यावर कुणी बळजबरी करू शकत नाही, तिला कुणी फसवून करारावर सही घ्यायला लावू शकत नाही. कॅमेरा आला आणि सगळं बदललं. आता चित्रात खरं माणूस आहे. त्याला आईबाप आहेत, शेजारी आहेत, उद्या नोकरीची मुलाखत आहे.

हे मला कळायला फार उशीर झाला, ते सांगतो. सुमारे वीस वर्षांपूर्वी, मोबाईलवर क्लिपा फिरायला नुकती सुरुवात झाली होती तेव्हा, एका कॉलेजातल्या चौकशी समितीवर मी होतो. एका विद्यार्थिनीची खासगी क्लिप तिच्या मित्रानं पसरवली होती. आम्ही पाच जण. त्यातले तिघं डॉक्टरेटवाले. आम्ही तिला समोर बसवून विचारलं, ‘तू हे काढू कसं दिलंस?’ कॉलेजच्या नावाची चर्चा तासभर झाली. इतर मुलांवर काय परिणाम होईल याची झाली. अहवालात तिचं पूर्ण नाव लिहिलं आणि मुलाचा उल्लेख ‘संबंधित विद्यार्थी’ असा केला. तो मसुदा मी तपासला होता. शुद्धलेखन दुरुस्त केलं, हे नाही केलं. त्या काळात मी एम.ए.च्या वर्गात कांट शिकवत होतो. माणसाला निव्वळ साधन म्हणून वापरू नये, तो स्वतःच साध्य आहे, हे फळ्यावर लिहून देत होतो.

आता तत्त्वज्ञानाकडे येऊ. वस्तुकरण म्हणजे नेमकं काय? कुणी म्हणेल, अहो, आपण रोज एकमेकांना वापरतोच. बरोबर आहे. संध्याकाळी दादरला विरार फास्टमध्ये शिरा. समोरच्याची पाठ म्हणजे तुमचा आधार, त्याचा खांदा म्हणजे तुमचं हँडल. तुम्ही त्याला खांबासारखं वापरता. पण तो ‘अहो, जरा सरका’ म्हणाला, की तुम्ही सरकता, निदान सरकायला बघता. त्या क्षणी खांबाचा पुन्हा माणूस होतो. म्हणजे वापरणं हाच दोष नाही. त्याच्या ‘सरका’ला, त्याच्या ‘नको’ला काही किंमत उरली आहे का, हे बघायचं.

मार्था नुसबॉम या अमेरिकन तत्त्वज्ञ बाईंनी १९९५ साली वस्तुकरणाची सात लक्षणं सांगितली. साधन म्हणून वापरणं, स्वायत्तता नाकारणं, मालकी, वगैरे. त्यातलं एक मला फार महत्त्वाचं वाटतं. अदलाबदल. ही नाही तर ती. पोर्नच्या संकेतस्थळावर माणसांची मांडणी वाण्याच्या दुकानातल्या डब्यांसारखी असते: वय, वर्ण, देश, नातं, शरीराचा आकार. आवडलं नाही, पुढचं. तिथं नग्नता आहे हे मला खटकत नाही. ‘पुढचं’ म्हणायची ती सवय खटकते.

पण सगळंच पोर्न असं असतं का? नसेल. स्वेच्छेनं काम करणाऱ्या, मोबदला घेणाऱ्या आणि ‘आम्ही वस्तू नाही, व्यावसायिक आहोत’ म्हणणाऱ्या स्त्रिया आहेत. त्यांचं म्हणणं न ऐकता त्यांची कीव करणं हीसुद्धा त्यांना गप्प करण्याची रीत झाली. म्हणून सरसकट विधान मी करणार नाही.

आता दुसरा भाग. प्रत्यक्ष वागण्यावर परिणाम होतो का? इथून परळच्या बाजूला गेलं की महालक्ष्मीजवळ शक्ती मिल. २२ ऑगस्ट २०१३ ला तिथं एका तरुण छायाचित्र-पत्रकारावर सामूहिक बलात्कार झाला. आरोपींनी मोबाईलवरची अश्लील फीत तिला दाखवून तसं करायला लावलं, असं सरकारी पक्षानं न्यायालयात मांडलं. लगेच लोक म्हणाले, बघा, पोर्नमुळे बलात्कार होतात! तर्कशास्त्राचा माणूस म्हणून मला थांबावं लागतं. फीत पाहणारे कोट्यवधी, बलात्कार करणारे त्या मानानं थोडे, आणि मोबाईल नव्हते तेव्हाही बलात्कार होतच होते. अभ्यासकांतही याबद्दल एकमत नाही. कार्यकारणभाव इतका सरळ नसतो.

पण म्हणून त्या फितीचा काही संबंध नव्हता, असंही म्हणता येत नाही. तिनं त्यांना इच्छा दिली नसेल, नमुना दिला. ‘हे असं असतं’ म्हणून दाखवायला काहीतरी दिलं. रे लँग्टन या तत्त्वज्ञ बाईंनी १९९३ साली हाच मुद्दा मांडला. काही पोर्नमध्ये बाईचं ‘नको’ हे लाडिक ‘हो’ म्हणून दाखवतात. शंभरदा ते बघितलं, की ‘नको’ हा शब्द ऐकू येतो पण नकार पोचत नाही. ती गप्प नसते, ती बोलते, पण तिच्या शब्दाचं काम होत नाही. अर्थात हे आपल्या हिंदी-मराठी सिनेमानंही शिकवलंय. नकार देणाऱ्या नायिकेच्या मागं गाणं म्हणत फिरणारा नायक पाहत आमची पिढी लालबाग-परळच्या थेटरांत मोठी झाली. तेव्हा सगळं खापर इंटरनेटवर फोडू नका.

आणि दुसरा शिक्षक आपण ठेवला तरी कुठं? २००७ साली शाळांत लैंगिक शिक्षण आणायचं ठरलं, तेव्हा विरोध करणाऱ्या राज्यांत आपला महाराष्ट्र होता. कर्व्यांचा महाराष्ट्र! पोरांनी मग मोबाईललाच मास्तर केलं.

एक गोष्ट मात्र बदलली. २०१३ च्या फौजदारी दुरुस्तीनं ३५४-क हे कलम आणलं, आज ते भारतीय न्याय संहितेत ७७ वं आहे. त्याचं एक स्पष्टीकरण सांगतं, की स्त्रीनं चित्रण करायला संमती दिली असेल, पण ते इतरांना दाखवायला दिली नसेल, तर पसरवणं हा गुन्हा. अश्लील आहे का, कोण बिघडेल, हे त्यात कुठंच नाही. तिनं काय म्हटलं होतं, एवढंच विचारलंय. आमच्या समितीच्या वेळी हे कलम नव्हतं. पण तो प्रश्न सुचायला कलमाची गरज होती का?

दोन चिठ्ठ्या आल्या आहेत. पहिली: ‘सर, बंदी घालावी की नाही?’ ऑगस्ट २०१५ मध्ये सरकारनं ८५७ संकेतस्थळं बंद करायला सांगितली आणि काही दिवसांतच पाऊल मागं घेतलं. घाऊक बंदी पुन्हा तोच जुना प्रश्न विचारते, बघणारा बिघडेल का? मी म्हणेन, लहान मुलांचं चित्रण आणि संमतीशिवायचं चित्रण यांच्या मागं सगळी ताकद लावा. बाकीच्यासाठी घरात बोला. मुलाला ‘हे घाण आहे’ सांगू नका, तो मान डोलवेल आणि संडासात जाऊन बघेल. त्याला विचारा, यातल्या बाईला नको असतं, तर ते तुला कसं कळलं असतं?

दुसरी चिठ्ठी: ‘त्या विद्यार्थिनीचं पुढं काय झालं?’

मला माहीत नाही. तिनं कॉलेज सोडलं. मुलगा परीक्षेला बसला. ती कुठं गेली याची चौकशी आम्हा पाचांपैकी कुणीही केली नाही. फोनवर त्या गृहस्थांनी विचारलं होतं ना, या वयात हे काय सुचलं? तर हे असं सुचलं.