श्रेयनामावली : पडद्यावरचा गण

चित्रपटाची समीक्षा करताना आपल्याकडे कथा, अभिनय, दिग्दर्शन यांचा विचार होतो. आरंभीची श्रेयनामावली मात्र समीक्षकाच्या हिशेबात नसते. ती संपेपर्यंत आपली जागा शोधायची, एवढाच तिचा उपयोग मानला जातो. तमाशाची परंपरा असलेल्या समाजाने असे मानावे, हे आश्चर्याचे आहे. तमाशात आधी गण होतो, वग नंतर उभा राहतो. खेळ कोणाच्या नावाने सुरू व्हायचा, हे गणात ठरते. म्हणूनच सत्यशोधक आणि पुढे आंबेडकरी जलशांनी तमाशाचा साचा स्वीकारला, पण आरंभीच्या वंदनाचा आशय बदलला. अण्णा भाऊ साठे यांनी गणेशाच्या जागी मायभूमीला आणि शिवछत्रपतींना वंदन केले. हा बदल केवळ रंगमंचापुरता नव्हता. खेळाची मालकी कोणाची, याचा तो निवाडा होता. श्रेयनामावली हा पडद्यावरचा गण आहे आणि त्याच कसोटीवर ती तपासली पाहिजे, असे या लेखाचे म्हणणे आहे.

नामावलीला कलेचा दर्जा देण्याचे श्रेय सामान्यतः अमेरिकन आरेखनकार सॉल बास यांना दिले जाते. ऑटो प्रेमिंजर यांच्या 'द मॅन विथ द गोल्डन आर्म' (१९५५) या चित्रपटासाठी त्यांनी काळ्या पटावर सरकणाऱ्या पांढऱ्या पट्ट्या योजल्या. शेवटी त्या पट्ट्यांतून एक वेडावाकडा हात तयार होतो. नायक अमली पदार्थाच्या विळख्यात सापडलेला आहे, हे कथा सुरू होण्यापूर्वीच प्रेक्षकाला जाणवते. सोबत एल्मर बर्नस्टाइन यांचे जॅझच्या अंगाने जाणारे आक्रमक संगीत आहे. तंत्राच्या दृष्टीने हे काम निर्विवाद मोठे आहे.

पण आपला प्रश्न वेगळा आहे. जॅझ हे अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी घडवलेले संगीत. या चित्रपटात ते जुगार, व्यसन आणि बदनाम वस्तीची खूण म्हणून येते, आणि कथा मात्र फ्रँक सिनात्राने रंगवलेल्या गोऱ्या नायकाची आहे. सूर घेतले आणि ते निर्माण करणारी माणसे वेशीबाहेर ठेवली. मराठी तमाशापटांनी बहुतेक वेळा ढोलकीचे हेच केले. ढोलकी कडाडली की आता पाटील नादावणार, हे प्रेक्षक ओळखतो. ज्या जातींनी ती कला पोटासाठी जगवली, त्यांचे जगणे पडद्यावर क्वचितच येते.

येथे संगीताला एवढे महत्त्व का, असे कोणी विचारील. माझ्या घरात अक्षर पहिल्यांदा माझ्याबरोबर आले. दूरदर्शनवर चित्रपट लागला की आईला पडद्यावरची नावे वाचता येत नसत. तिच्यापर्यंत जे पोचे ते सूर आणि चित्रेच. निरक्षर ठेवलेल्या माणसांसाठी नामावलीचा खरा मजकूर हाच असतो. तो कोणाच्या बाजूने बोलतो, हे पाहणे म्हणून अगत्याचे आहे.

स्पाइक ली यांचा 'डू द राइट थिंग' (१९८९) या दृष्टीने अभ्यासण्यासारखा आहे. निर्मितीसंस्थेचे बोधचिन्ह पडद्यावर असतानाच सॅक्सोफोनवर 'लिफ्ट एव्हरी व्हॉइस अँड सिंग' ऐकू येते. जेम्स वेल्डन जॉन्सन यांनी लिहिलेले हे गीत १९०० साली प्रथम शाळकरी मुलांनी गायिले आणि पुढे ते कृष्णवर्णीयांचे राष्ट्रगीत म्हणून मानले गेले. ते संथ सूर थांबतात आणि 'पब्लिक एनिमी' या रॅप गटाचे 'फाइट द पॉवर' आदळते. हे गाणे ली यांनी या चित्रपटासाठीच करवून घेतले होते. ब्रुकलिनच्या घरांच्या चित्रांपुढे, भडक तांबड्या उजेडात, रोझी पेरेझ एकटी नाचते. मध्येच ती मुष्टियोद्ध्याचे हातमोजे घालून येते आणि ठोसे थेट आपल्या दिशेने मारते. पूर्वजांची प्रार्थना आणि नातवंडांचे आव्हान, असा हा दुहेरी गण आहे.

हा गण पुढे खेळात उतरतो, हे महत्त्वाचे. तेच गाणे रेडिओ रहीम नावाचा तरुण आपल्या मोठ्या रेडिओवर वाजवीत वस्तीत फिरतो. पिझ्झाचे दुकान चालवणारा सॅल तो रेडिओ बॅटने फोडतो, मारामारी होते आणि पोलीस रहीमचा गळा आवळून जीव घेतात. नामावलीत आपण ज्या तालावर मान डोलावली, तो ताल ऐकवणे हाच त्या तरुणाचा गुन्हा ठरतो. प्रेक्षकाला आरंभीच साक्षीदार करून ठेवण्याची ही रीत आहे.

तरीही एक उणीव नोंदवली पाहिजे. नामावलीत लढणारी ती स्त्री कथेत टीना होते, आणि टीनाच्या वाट्याला घर, तान्हे मूल आणि त्याच्या बापाची वाट पाहणे एवढेच येते. रस्त्यावरचा संघर्ष पुरुष करतात. मोर्चाच्या अग्रभागी बाईला उभे करायचे आणि ठराव लिहिताना तिला विसरायचे, ही खोड आपल्या चळवळीलाही अनोळखी नाही. गणात घेतलेली शपथ वगात मोडली, असेच येथे म्हणावे लागेल.

ली यांच्याच 'माल्कम एक्स' (१९९२) मध्ये ही शपथ अखेरपर्यंत टिकते. आरंभी पडदाभर अमेरिकेचा राष्ट्रध्वज दिसतो. माल्कमच्या भूमिकेतील डेन्झेल वॉशिंग्टनचा आवाज गोऱ्या सत्तेवर आरोपपत्र ठेवतो. मध्ये मध्ये १९९१ साली लॉस एंजेलिसच्या पोलिसांनी रॉडनी किंगला केलेल्या मारहाणीचे प्रत्यक्ष चित्रण येते. ध्वज पेटतो आणि जळून उरतो तो एक्स. गुलामांच्या मालकाने दिलेले आडनाव नाकारून, हिरावलेल्या मूळ नावाच्या जागी माल्कमने हे अक्षर घेतले होते. चित्रपटाच्या शेवटी वर्गातली मुले उभी राहून आपणच माल्कम एक्स असल्याचे सांगतात. जळून उरलेले अक्षर पुढच्या पिढीने आपले नाव म्हणून घेतले, हा प्रवास नामावलीपासून सुरू झालेला आहे.

आडनावाचा जाच आपल्याला कोणी समजावून सांगायला नको. आपल्या चित्रपटांची नामावली वर सरकू लागली की आडनावे वाचावीत. निर्माता कोण, लेखक कोण, दिवे उचलणारे कोण? उतरंड तेथेही दिसते. नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री'तला (२०१३) जब्याचा दगड शेवटी आपल्यावरच येतो, तेव्हा ही उतरंड हलल्याचा भास होतो. पण एका दगडाने भागणारे नाही. आज आपली मुले लघुपट आणि माहितीपट काढीत आहेत. त्यांनी पहिल्या दोन मिनिटांचा विचार शेवटी उरकण्याचे काम म्हणून करू नये. कोणाचा सूर घेतला, त्याचे श्रेय कोणाला दिले आणि आरंभी जिला पुढे उभे केले तिला शेवटपर्यंत सोबत ठेवले का, हे तीन प्रश्न त्यांनी स्वतःला विचारावेत. समीक्षकांनीही तेच विचारावेत.