बोधचिन्ह आणि सहावा पट्टा

मंडळाचं बोधचिन्ह ठरवताना प्रत्येक सभासद आपलं काहीतरी घुसवतो: पणती, पुस्तक, उगवता सूर्य. शेवटी अर्थ सांगायला पत्रक छापावं लागतं! इथे गोराईत पॅगोडा आहे, म्हणून पंचशील ध्वजच घेऊ. तोही समितीनेच ठरवला, १८८५ साली, कोलंबोत. निळा, पिवळा, तांबडा, पांढरा, केशरी; सहाव्या पट्ट्यात हे पाचही एकाखाली एक, कालवलेले नाहीत. कर्नल ऑल्कॉट बाहेरचे, अमेरिकन. त्यांनी रंगांना हात लावला नाही. लांबलचक पताका मिरवणुकीत अवघड जाईल, नेहमीच्या झेंड्याच्या मापाची करा, एवढंच म्हणाले. सल्लागार असावा तर असा. आज आपल्या वस्त्यांतली पोरंसुद्धा तो ध्वज खडूने भिंतीवर काढतात. तुमचं बोधचिन्ह काढतील?