पौर्वापर्य आणि कार्यकारणभाव : ‘गीतारहस्या’तील बायबलविचार

‘गीतारहस्य’ (१९१५) वाचले जाते ते कर्मयोगाच्या प्रतिपादनासाठी. गीतेच्या बहिरंगपरीक्षणाला वाहिलेले त्याचे परिशिष्ट त्यामानाने दुर्लक्षित राहिले. या परिशिष्टाचा सातवा व अखेरचा भाग गीता आणि ख्रिस्ती बायबल यांच्या संबंधाचा आहे. धर्मग्रंथाच्या वाचनात कालनिर्णय काय सिद्ध करू शकतो आणि कोठे थांबतो, हे तपासण्यासाठी मराठीत याहून उद्बोधक स्थळ क्वचितच सापडेल.

या विवेचनाला निमित्त जर्मन भाषांतरकार लोरिन्सर याच्या मताचे आहे. गीतेतील शंभराहून अधिक स्थळे नव्या करारातील वचनांशी ताडून त्याने १८६९ साली असा निष्कर्ष काढला, की गीताकाराने ती उसनी घेतली आहेत. काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांनी १८७५ मध्ये आपल्या गीतानुवादाच्या प्रस्तावनेत त्याचा परामर्श घेतला होता. टिळकांनी खंडनाचा सारा भार कालक्रमावर ठेवला. विद्यमान गीता शकापूर्वी निदान पाचशे वर्षांची असेल, तर ख्रिस्तोत्तर ग्रंथातून तिने काही घेणे संभवतच नाही. येथे कालक्रमाचा उपयोग निषेधक आहे आणि तर्कदृष्ट्या निर्दोष आहे : जे नंतरचे, ते आधीच्याचे कारण होऊ शकत नाही.

पुढे मात्र प्रतिपादनाची दिशा उलटते. साम्य खरे आहे आणि गीता आधीची आहे. तेव्हा ऋण दुसऱ्या बाजूचे असावे, असे टिळक सुचवतात. त्यांच्या मते यहुदी धर्म कर्मप्रधान, यज्ञप्रधान. त्यात संन्यासाला स्थान नाही. म्हणून मृत समुद्राजवळच्या एसीन पंथाचे विरक्त आचरण बाहेरून आले असले पाहिजे, आणि ते बौद्ध भिक्षूंकडून, म्हणजे पर्यायाने वैदिक परंपरेकडून आले असावे. अशोकाच्या शिलालेखांतील यवन राजांचे उल्लेख आणि ‘महावंसा’तील अलसंदा नगरीच्या भिक्षूंचे वर्णन ही त्यांची प्रमाणे. अलसंदा म्हणजे काबूलकडील नव्हे, तर मिसरमधील अलेक्झांड्रिया, असा त्यांचा आग्रह आहे. आजचे अभ्यासक बहुधा पहिलाच पर्याय स्वीकारतात.

या प्रमाणांनी संपर्काची शक्यता दिसते, संक्रमण सिद्ध होत नाही. पौर्वापर्य ही कार्यकारणभावाची आवश्यक अट आहे, पुरेशी अट नव्हे. शिवाय यहुदी परंपरेविषयीचे मूळ गृहीतकच पुढे ढासळले. १९४७ पासून कुमरान येथे सापडलेल्या हस्तलिखितांतील समूह बहुसंख्य संशोधकांच्या मते एसीनच होता. त्याची शिस्त, शुद्धिनियम आणि अंतकालाची प्रतीक्षा ही नियमशास्त्राच्या व संदेष्ट्यांच्या वाचनातूनच घडलेली दिसतात. वैराग्य यहुदी भूमीतही उगवू शकत होते. ही साधने टिळकांच्या हाती नव्हती, हे खरे. परंतु दोष केवळ साधनांच्या अभावाचा नाही, अनुमानाच्या उडीचाही आहे.

ही उडी टिळकांनी एकट्यानेच घेतली असे नाही. रत्नागिरीत १८५६ साली जन्मलेले टिळक आणि मालवणात जन्मून रत्नागिरीच्या शाळेत शिकलेले रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे दोघेही गीतेला ख्रिस्तपूर्व मानतात; भांडारकर तिला इसवी सनापूर्वीच्या चौथ्या शतकाच्या आरंभाअलीकडे आणीत नाहीत. तरीही १९१३ च्या आपल्या वैष्णवपंथविषयक ग्रंथात ते गोपालकृष्णाची कथा निराळ्या, उत्तरकालीन थरातील ठरवतात आणि बालदेवाची उपासना, कदाचित ख्रिस्ताचे नावही, आभीरांनी आणले असावे असे सुचवतात. गीतेच्या कालाविषयी जवळजवळ एकमत असूनही ऋणाचा ओघ एकाने पश्चिमेकडे, तर दुसऱ्याने पूर्वेकडे वळवला. याचा अर्थ निष्कर्ष कालक्रमातून निघत नव्हता; साम्य म्हणजे ऋणच, या दोघांनाही मान्य असलेल्या गृहीतकातून तो निघत होता. आणि हे गृहीतक मूळचे लोरिन्सरचे.

‘गीतारहस्या’च्या या भागातील खरा पेच हाच आहे. वासाहतिक विद्येने भारतीय ग्रंथाला ऋणको ठरवले. प्रत्युत्तरात धनको-ऋणकोंच्या जागा बदलल्या, खातेवही तीच राहिली. आज अनेक अभ्यासक गीतेचा काळ इसवी सनापूर्वीचे दुसरे शतक ते इसवी सनाचे दुसरे शतक या टप्प्यात मानतात. ते खरे धरल्यास टिळकांचा बालेकिल्लाच डळमळतो. तरीही लोरिन्सर विजयी होत नाही. कारण पाणिनीच्या सूत्रातील वासुदेवभक्ताचा उल्लेख आणि बेसनगरचा इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकातील हेलिओदोरसचा गरुडस्तंभ यांवरून भक्तीची देशी पूर्वपीठिका स्वतंत्रपणे दिसते.

कालक्रमाचे अधिक फलदायी कार्य ग्रंथाच्या अंतरंगात आहे. नव्या करारात पौलाची पत्रे शुभवर्तमानांनंतर छापली जातात, पण त्यांतील सर्वांत जुनी इसवी सनाच्या सहाव्या दशकाच्या आगेमागे लिहिली गेली. मार्काचे शुभवर्तमान साधारणतः ७० च्या सुमाराचे आणि योहानाचे शतकाअखेरचे मानले जाते. हा क्रम ध्यानात घेऊन वाचले, की त्या परंपरेतील विचार कसा घडत गेला ते दिसू लागते. टिळकांच्या तुलनेत या अंतर्गत कालभेदाला निर्णायक स्थान नाही. तेथे बायबल बव्हंशी एकसंध प्रतिपक्ष म्हणून उभे राहते. ज्या ग्रंथकाराने स्वतःच्या परंपरेसाठी बहिरंगपरीक्षा ही अंतरंगाची दासी मानली, त्याने दुसऱ्याच्या धर्मग्रंथापाशी बहिरंगावरच थांबावे, ही या प्रकरणाची मर्यादा आहे. तुलनात्मक अभ्यासाला आजही ती सहज ओलांडता आलेली नाही.