द्यूत, ऋण आणि एकाकी वाट

धाराशिव जिल्ह्यातील तुळजापूरच्या लोकपरंपरेत भवानी भारतीबुवांच्या मठात सारीपाट खेळावयास जाते. तेथे खेळ ही दैवी क्रीडा आहे. हरण्याचे मोल कोणालाच चुकवावे लागत नाही. म्हाइंभटांच्या ‘लीळाचरित्रा’त (शके १२००च्या सुमारास) मात्र द्यूताला ऋण चिकटलेले आहे. हरपाळदेव द्यूतात हरतो, पत्नी कमळाइसा दागिने देण्याचे नाकारते, आणि पुढे तो रामटेकच्या यात्रेचे निमित्त करून भडोच सोडतो. व्यसन, उपरती, विरक्ती असा या प्रसंगाचा सरळ अर्थ लावता येतो. परंतु तो अपुरा आहे. वाटेत हरपाळदेव लवाजमा टप्प्याटप्प्याने परत पाठवितो आणि एकटाच ऋद्धिपुरास गोविंदप्रभूंपाशी पोहोचतो. जुगारी जे पणाला लावतो ते वाढून परत यावे म्हणून. हा पांथस्थ जे सोडतो ते परत येऊच नये म्हणून. हातचे टाकण्याची कृती तीच राहते, अपेक्षा तेवढी गळून पडते. म्हणून द्यूतप्रसंग हा चरित्रनायकाला उणेपणा आणणारा तपशील नव्हे. ‘एकांका’तील एकाकी भ्रमंतीची ती पूर्वअट आहे. अवतारचरित्रातही हे ऋण न झाकणे, हेच या गद्याचे वाङ्मयीन धैर्य होय.