महमूद दरवेश : स्मृती, वारसा आणि आपण

‘वारसा’ हा शब्द दलित वाचकाला सहजासहजी पचत नाही. ज्या परंपरेने आपले माणूसपणच नाकारले, तिचा वारसा कसला, हा त्याचा सवाल रास्तच आहे. म्हणून पॅलेस्टिनी कवी महमूद दरवेश यांची कविता वाचताना ‘तेही शोषित, आपणही शोषित’ एवढ्यावर भागत नाही. त्यांच्या कवितेत स्मृती नेमके कोणते काम करते, ते तपासावे लागते.

दरवेश यांचा जन्म १९४१ चा, गॅलिलीतील अल्-बिरवा या गावचा. १९४८ मध्ये इस्रायली फौजांनी गाव घेतले आणि कुटुंब लेबनॉनला पळाले. सुमारे वर्षभराने ते चोरून परतले, तेव्हा गाव उद्ध्वस्त झाले होते. नव्या राजवटीच्या दप्तरी अशी माणसे ‘हजर असलेली गैरहजर’ ठरली. माणूस देशात आहे. पण कायद्याच्या लेखी तो नाही आणि त्याची जमीनही त्याची नाही! १९५० च्या कायद्याने या लुटीला नियमाचे रूप दिले.

१९६४ ची ‘ओळखपत्र’ ही कविता या दप्तराला दिलेले उत्तर होय. खाणीत दगड फोडणारा बाप अधिकाऱ्यालाच नोंद करून घ्यायला बजावतो. तो कुळाचा बडेजाव सांगत नाही, नांगर धरणारे पूर्वज सांगतो. इथे वारसा श्रमाचा आहे. पुढे बैरुतमध्ये श्रोते या कवितेचा आग्रह धरत, तेव्हा दरवेश ती म्हणायला नकार देत. अरबांपुढे ‘मी अरब’ म्हणण्यात कसला विद्रोह, हा त्यांचा मुद्दा होता. आपल्या सभांतून त्याच त्याच कविता घोषणेसारख्या म्हणणाऱ्यांनी यावर विचार करावा.

दरवेश यांचे दुसरे संचित म्हणजे अरबी काव्यपरंपरा. इस्लामपूर्व कसीद्याच्या आरंभी कवी प्रेयसीच्या उठून गेलेल्या तळाच्या खुणांपाशी थांबून शोक करतो. शतकानुशतके हा एक काव्यसंकेत होता. दरवेश यांच्या हाती तो पुन्हा जिवंत झाला, कारण त्यांच्यापुढचे अवशेष खरे होते. ‘घोडा एकटा का सोडलास’ (१९९५) या संग्रहात बाप मुलाला घेऊन गाव सोडतो आणि मुलगा प्रश्न विचारत राहतो. त्याच संग्रहात कवी इम्रु-उल्-कैस या आद्य कवीशी वादही घालतो. परंपरा स्वीकारायची ती तिच्याशी भांडून, हे इथे ध्यानात घेण्यासारखे आहे.

१९८२ च्या बैरुतच्या वेढ्यावर त्यांनी गद्य पुस्तक लिहिले, ते ऑगस्टमधल्या एकाच दिवसाचे. बॉम्बवर्षावात कॉफी कशी करायची, याला त्यात पानेच्या पाने दिली आहेत. माणूस म्हणून जगण्याची साधी सवय सोडायची नाही, हाही प्रतिकारच.

आता आपल्याकडे वळू. ज्या १९४८ मध्ये अल्-बिरवा पडले, त्याच वर्षी ४ नोव्हेंबरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी संविधान सभेत खेड्याच्या गौरवावर कठोर प्रहार केला. दरवेश गावासाठी झुरतात. आपली कविता गावकुसाबाहेरून गावाकडे बोट दाखवते. त्यांचे गाव पुसले गेले. आपल्या मनावरचे गाव पुसता पुसत नाही. त्यांची नोंद दप्तर नाकारत होते; आपली नोंद दप्तर विसरत नाही. ज्यांच्या घरात शाळेचा दाखला हाच पहिला लिखित कागद म्हणून आला आणि त्यावर जात होती, त्यांना हे वेगळे सांगायला नको.

हा भेद झाकून केलेली तुलना दोघांच्याही वेदनेवर अन्याय करते. भेद मान्य केल्यावर मात्र खरे नाते दिसू लागते. १९९२ मध्ये दरवेश यांनी अमेरिकेतील मूळ रहिवाशांच्या तोंडी दीर्घ कविता घातली. तिथे त्यांची स्मृती स्वतःच्या गावाची वेस ओलांडते. शत्रूची हिब्रू भाषाही त्यांनी आत्मसात केली होती आणि त्या भाषेतले काव्य ते वाचत. २००८ साली ते गेले, तोवर त्यांनी आपले दुःख कुणाच्या द्वेषाचे भांडवल होऊ दिले नाही.

स्मृती ही केवळ हळहळ नव्हे, ती साक्ष आहे. आपल्या कवितेनेही झालेल्या अन्यायाची साक्ष द्यावी. आणि ती देताना दुसऱ्या कुणाची साक्ष आपल्याला ऐकू येते की नाही, हेही पाहावे.