चरित्रातील गाळलेली वर्षे : मणिकर्णिका ते लक्ष्मीबाई

मराठी वाचकाच्या मनातील राणी लक्ष्मीबाई घोड्यावर आरूढ झालेल्या आहेत. ही प्रतिमा खोटी नाही. मात्र ती १८५७-५८ मधील जेमतेम वर्षभराच्या काळातून घडलेली आहे. १८४२ मधील विवाहापासून १८५४ मधील संस्थानाच्या खालसापर्यंतची बारा वर्षे बहुतेक चरित्रांत प्रस्तावनेसारखी येतात आणि लगबगीने संपतात. विवाह, अपत्यजन्म, अपत्यमृत्यू, पतीचे आजारपण, दत्तकविधान आणि वैधव्य अशा, स्त्रीजीवन घडवणाऱ्या व मोडणाऱ्या जवळजवळ साऱ्या घटना याच बारा वर्षांत घडल्या. त्या आपल्या चरित्रपरंपरेने कशा सांगितल्या, काय गाळले आणि खुद्द लक्ष्मीबाईंच्या शब्दांतून काय ऐकू येते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

या कथेचा आरंभ काशीत होतो. १८१८ मध्ये पेशवाई संपल्यावर दुसरे बाजीराव ब्रह्मावर्तास गेले, तर त्यांचे बंधू चिमाजीआप्पा काशीत येऊन राहिले. त्यांच्या आश्रितांत मोरोपंत तांबे होते. मोरोपंत आणि भागीरथीबाई यांच्या मुलीला मणिकर्णिका हे नाव मिळाले ते काशीच्या घाटावरून. आणि तो घाट महास्मशान म्हणून ओळखला जातो. काशीशी मराठी स्त्रियांचे नाते तेव्हा दुहेरी होते. एकीकडे काशीवास पत्करून मरणाची वाट पाहणाऱ्या सामान्य विधवा होत्या. दुसरीकडे विश्वेश्वराचे मंदिर पुन्हा उभारणाऱ्या अहिल्याबाई होळकर आणि १८२८ साली ज्ञानवापीभोवती स्तंभमंडप बांधणाऱ्या बायजाबाई शिंदे होत्या. या दोघीही विधवाच होत्या. अहिल्याबाईंच्या हाती सत्ता आली ती पती, सासरे आणि अखेर पुत्र मालेराव यांच्या मृत्यूनंतर. बायजाबाईंची सत्ता १८२७ मध्ये दौलतरावांच्या निधनानंतर घेतलेल्या दत्तकाच्या आधारावर उभी होती आणि तोच दत्तक मोठा झाल्यावर १८३३ मध्ये त्यांना ग्वाल्हेर सोडावे लागले. स्त्रीच्या सत्तेचा रस्ता कोणाच्या तरी मरणातून आणि कोणाच्या तरी मातृत्वातून जातो, हा धडा मणिकर्णिकेच्या जन्मगावी दगडात कोरलेला होता.

तिच्या जन्मवर्षाविषयीच चरित्रकारांत एकमत नाही. एक परंपरा १८२८ सांगते, दुसरी १८३५. इतिहासकार हा कालनिर्णयाचा प्रश्न मानतील. समीक्षकाला मात्र त्यात एका स्त्रीच्या आयुष्याचे दोन वेगवेगळे पाठ दिसतात. पहिले वर्ष खरे मानले तर १८४२ मध्ये विवाहाच्या वेळी ती तेरा-चौदा वर्षांची होती. दुसरे मानले तर अवघी सात वर्षांची. पहिल्या पाठात ती तेविशीच्या सुमारास आई होते, दुसऱ्या पाठात सोळाव्या वर्षी. बालवधूची कथा आणि तरुण राणीची कथा यांत केवढे अंतर आहे! तरीही हे अंतर चरित्रांच्या सुरात कोठे उमटत नाही. वय कोणतेही धरले तरी वर्णन तेच राहते : तल्लख, धीट, घोड्यावर बसणारी मनू. वधूचे वय कथेच्या दृष्टीने गौण मानले गेले, कारण कथेला हवी होती ती पुढची वीरांगना.

विवाह झाला तो ज्या घराशी, त्या घराला निपुत्रिकतेचा इतिहास होता. १८३५ मध्ये रामचंद्रराव नेवाळकर औरस पुत्रावाचून वारले; दत्तकाचा दावा कंपनी सरकारने फेटाळला आणि गादी चुलते रघुनाथराव यांच्याकडे गेली. १८३८ मध्ये तेही वारले आणि पुन्हा वारसाचा प्रश्न उभा राहून गादी गंगाधररावांकडे आली. गंगाधररावांची पहिली पत्नी निवर्तली होती. तेव्हा काशीत जन्मलेली, आई लहानपणीच गमावलेली, पेशव्यांच्या आश्रिताची ही मुलगी झाशीत आणली गेली ती एका निश्चित अपेक्षेने. विवाहानंतर तिला दिलेले लक्ष्मीबाई हे नाव मंगल आहे. पण त्या नावामागे एका संस्थानाची निकड उभी होती.

या घराचे अंतरंग दाखवणारा सर्वांत जिवंत मराठी ग्रंथ म्हणजे विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’. चिंतामण विनायक वैद्य यांनी तो १९०७ मध्ये संपादित करून प्रसिद्ध केला. मूळ संहिता दत्तो वामन पोतदार यांच्या संपादनाने १९६६ मध्ये वाचकांपुढे आली. वेढ्याच्या वेळी गोडसे स्वतः झाशीत होते, परंतु गंगाधररावांविषयी त्यांनी लिहिले ते ऐकीव. महाराज स्त्रीवेष करीत, बांगड्या भरीत आणि महिन्यातून चार दिवस विटाळशीप्रमाणे दूर बसत, अशी हकीकत ते सांगतात. परक्यांच्या सत्तेखाली साऱ्याच राजांनी बांगड्या भरल्या आहेत, अशा अर्थाचे राजकीय समर्थनही तिला जोडतात. या हकिकतीतील तथ्य किती, हा प्रश्न बाजूला ठेवला तरी तिचा आशय महत्त्वाचा आहे. ज्या वाड्यात पुरुषाचे स्त्रीरूप कौतुकाने, चेष्टेने किंवा रूपकाने चर्चिले जात होते, त्याच वाड्यात एक स्त्री महिन्यामागून महिने खरोखरच दूर बसत होती. निपुत्रिक घरात अशी प्रत्येक पाळी म्हणजे साऱ्या दरबाराला कळणारे अपयश. त्या दूर बसण्याची हकीकत कोणी लिहिली नाही.

१८५१ मध्ये पुत्र झाला आणि काही महिन्यांतच तो गेला. आपल्या चरित्रांतील या प्रसंगाची वाक्यरचना पाहण्यासारखी आहे. मुलाचा मृत्यू येतो आणि पुढच्याच वाक्याचा कर्ता गंगाधरराव होतात : त्यांनी हाय खाल्ली, त्यांची प्रकृती ढासळली, उपचार चालले, गुण येईना. अपत्यमृत्यू हे पित्याच्या आजाराचे कारण म्हणून सांगितले जाते. कथानकाची साखळी पित्याच्या शरीरातून पुढे सरकते. ज्या शरीराने ते मूल नऊ महिने वाहिले, त्याचे काय झाले? बाळंतपण कसे गेले, दूध कसे आटले, शोकाला सुतकाच्या दिवसांपलीकडे मोकळीक होती काय, याविषयी परंपरा मौन पाळते. पतीच्या दुखण्याची तपशीलवार नोंद आहे. पत्नी तेथे शुश्रूषेची आकृती म्हणून उभी आहे. आजारी पडण्याचा अधिकारसुद्धा कथेत समान वाटला गेलेला नाही.

पुढे वीस नोव्हेंबर १८५३ रोजी, मृत्यूच्या आदल्या दिवशी, गंगाधररावांनी नेवाळकर कुळातील पाच वर्षांच्या आनंदरावाला दत्तक घेतले. मेजर एलिस आणि कॅप्टन मार्टिन या इंग्रज अधिकाऱ्यांच्या उपस्थितीत विधी झाला. मुलाचे नाव दामोदरराव ठेवण्यात आले. एकवीस तारखेला गंगाधरराव वारले. म्हणजे चोवीस तासांच्या आत लक्ष्मीबाई नव्याने आई झाल्या आणि विधवाही झाल्या. या दोन अवस्थांमध्ये शोकालाही उसंत नव्हती, कारण लगोलग अर्ज करणे भाग होते.

डिसेंबर १८५३ आणि फेब्रुवारी १८५४ मध्ये त्यांनी गव्हर्नर जनरलला पाठवलेले खलिते हे त्यांचे खरे वाङ्मय म्हणता येईल. मुनशी-कारकुनांची भाषा त्यात असणारच. पण युक्तिवादाची धार लक्षणीय आहे. ओरछा, दतिया, जालौन येथील दत्तक मान्य झाल्याचे दाखले त्या देतात. एवढ्यावर न थांबता १८१७ च्या तहातील शब्दांवर बोट ठेवतात. तहात ‘वारिसान’ आणि ‘जानशीन’ असे फार्सी शब्द आहेत. ते वारस आणि उत्तराधिकारी यांचे वाचक आहेत, केवळ पोटच्या संततीचे नव्हेत, असा त्यांचा दावा आहे. झाशीच्या राणीची पहिली लढाई शब्दार्थाची होती, ही गोष्ट साहित्याच्या अभ्यासकांनी तरी नजरेआड करू नये. पुत्र म्हणजे कोण? गर्भाने दिलेला, विधीने दिलेला की तहातील शब्दाने मानलेला? त्यांनी दया मागितली नाही; अर्थ मागितला.

डलहौसीचे उत्तर सर्वश्रुत आहे. दत्तकाला खासगी मालमत्तेचा हक्क मिळाला, राज्याचा नाकारला गेला. मार्च १८५४ मध्ये खालशाचा हुकूम पोहोचला आणि राणींना दरमहा पाच हजार रुपयांची नेमणूक ठरली. या निर्णयाकडे आपण साम्राज्यवादी लोभ म्हणून पाहतो, ते योग्यच आहे. पण त्याची आणखी एक बाजू आहे. स्त्रीचे मूल्य तिला झालेल्या औरस मुलावरून ठरवणे ही केवळ विलायतेहून आलेली कसोटी नव्हती. वांझपणाचा शब्द आपल्याच भाषेत किती धारदार आहे! दोहोंत फरक असा की धर्मशास्त्राने दत्तकाची वाट तरी ठेवली होती. कंपनीने राज्यापुरती तीही बंद केली.

वैधव्यानंतरचा एक प्रसंग चरित्रपरंपरेत आख्यायिकेच्या रूपाने येतो. केशवपनासाठी काशीस जाण्याची लक्ष्मीबाईंची इच्छा होती. सरकारने परवानगी दिली नाही. मग त्यांनी वपन केलेच नाही. राष्ट्रीय चळवळीच्या काळातील लेखनाने या तपशिलाला प्रतिज्ञेचे रूप दिले : स्वराज्य मिळेपर्यंत केस राखीन. आख्यायिकेचा हा प्रवास बोलका आहे. विधवेने केस राखले याला समाजमान्य कारण हवे होते आणि ते देशाच्या नावाने पुरवले गेले. तिला ते केवळ नको असू शकेल, ही शक्यता कोणत्याही कथनाला पेलली नाही. दामोदररावांच्या मुंजीसाठी त्यांच्याच ठेवीतील एक लाख रुपये मिळवताना जामीन द्यावे लागले, हा दुसरा प्रसंग. आईपण सिद्ध करण्यासाठी येथे सावकारी तारणाची गरज पडली.

यानंतरची युद्धकथा सर्वांना ठाऊक आहे. तिच्यातून घडलेल्या शिल्पप्रतिमेकडे मात्र पुन्हा एकदा पाहावेसे वाटते. काशीत भदैनी येथे जन्मस्थानी स्मारक आहे. देशभर अनेक चौकांत पुतळे आहेत. त्यांपैकी कित्येकांत पाठीशी बांधलेले एक लहानगे मूल दिसते. दत्तकाच्या वेळी पाच वर्षांचे असलेले दामोदरराव १८५८ च्या एप्रिलमध्ये, झाशी सोडताना, नऊ-दहा वर्षांचे असणार. पुतळ्यातील मूल त्याहून पुष्कळ लहान आहे. ते मूल कोणाचे? त्याचे वय जिवंत दत्तकापेक्षा १८५१ साली जन्मलेल्या बाळाच्या जवळचे आहे. शिल्पकारांना असे अभिप्रेत नसेल. पण समूहमनाने तलवार हाती दिली तेव्हा पाठीवर तान्हे मूल बांधून मातृत्वाचे प्रमाणपत्रही सोबत दिले. तिचा पराक्रम ‘मर्दानी’ या विशेषणाने पुरुषांकडे वळवला आणि तिचे स्त्रीत्व त्या मुलाने शाबूत राखले. खरे दामोदरराव मात्र इंदुरात तुटपुंज्या पेन्शनीवर जगले आणि १९०६ मध्ये वारले. त्या उत्तरायुष्याला चौकात जागा नाही.

हा केवळ एका राणीचा प्रश्न नाही. डॉ. आनंदीबाई जोशी यांचा विवाह नवव्या वर्षी झाला, चौदाव्या वर्षी झालेले मूल दहा दिवसांत गेले, आणि वैद्यकीची पदवी घेऊन परतल्यावर १८८७ मध्ये, बावीस वर्षेही पुरी होण्याआधी, त्या क्षयाने वारल्या. त्यांच्याही चरित्रांत त्या बाळाचा मृत्यू ‘प्रेरणा’ म्हणून येतो. येथे तो वैद्यकीच्या शिक्षणाकडे नेतो, तेथे दत्तकविधानाकडे. पुढे काही थोर घडले तरच बाळंतिणीच्या शोकाला कथेत जागा मिळते. ज्यांच्या दुःखातून काहीच थोर घडले नाही, त्या असंख्य स्त्रियांना मग कोणत्या प्रकरणात बसवायचे? १८६३ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात विधवांसाठी प्रसूतिगृह उघडले आणि १८८२ मध्ये ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहिली, तेव्हा पत्नीकडून सक्तीने मागितले जाणारे आणि विधवेच्या बाबतीत गुन्हा ठरणारे मातृत्व प्रथमच उघड चर्चेत आले. चरित्रवाङ्मयाने मात्र ही दृष्टी फारशी उचलली नाही.

१९५६ मध्ये महाश्वेतादेवींनी ‘झाँसीर रानी’ लिहिताना झाशीच्या परिसरात हिंडून लोकस्मृती गोळा केली. मराठीत साधने विपुल आहेत : गोडसे यांचा वृत्तान्त, द. ब. पारसनीस यांचे १८९४ चे चरित्र, खलित्यांचे अनुवाद. उणीव आहे ती वाचनपद्धतीची. नोंदलेल्या वाक्याइतकेच दोन वाक्यांमधील रिकाम्या जागेकडे पाहणे हे समीक्षेचे काम आहे. तेथे कल्पनेने अश्रू भरावेत असे नव्हे. ती जागा रिकामी आहे, आणि ती कोणी, कशासाठी रिकामी ठेवली, एवढे तरी प्रामाणिकपणे नोंदले पाहिजे. तसे केल्याने घोड्यावरील राणी उणी होत नाही. उलट, जिला आधी पुत्रासाठी, मग पतीसाठी, मग वारसासाठी आणि अखेर राष्ट्रासाठी जगलेली म्हणून सांगितले गेले, तिने १८५४ च्या फेब्रुवारीत एका फार्सी शब्दाच्या अर्थासाठी घातलेला वाद आपल्याला तिच्याच आवाजात ऐकू येऊ लागतो.