कर्ता कोण?

'अपोकॅलिप्स नाऊ' (१९७९) मी इंजिनिअरिंगला असताना हॉस्टेलवर पाहिला. एक लॅपटॉप, चार जण. युद्ध किती भयानक असतं, यावर आम्ही पहाटेपर्यंत बोलत होतो. परवा तो पुन्हा पाहिला आणि एका सीनवर अडकलो.

अमेरिकन सैनिकांची गस्तीची बोट नदीत एक व्हिएतनामी होडी थांबवते. झडती सुरू असताना होडीतली बाई एका डब्याकडे धावते. घाबरलेला सैनिक मशीनगन चालवतो. डब्यात निघतं कुत्र्याचं पिल्लू. बाईत अजून धुगधुगी असते. तिला उपचारांसाठी न्यायचं म्हणत असतात, तेवढ्यात कॅप्टन विलर्ड तिला गोळी घालतो. पिल्लू सैनिक सोबत नेतात.

त्यानंतर आपल्याला ऐकू येतं ते विलर्डचं मन: आपली माणसं किती ढोंगी आहेत! बाईला नाव नाही. होडी कुठे निघाली होती, माहीत नाही. पुढे पिल्लू हरवतं तेव्हा त्याची निदान चौकशी होते.

कोपोला अमेरिकेची आरती ओवाळत नाही, उलट तिचे वाभाडे काढतो. म्हणूनच हा सिनेमा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. देशाचा आत्मकेंद्रीपणा फक्त बढाईत नसतो, पश्चात्तापातही असतो. 'आम्ही किती थोर' आणि 'आम्ही किती वाईट', दोन्ही वाक्यांत कर्ता 'आम्ही'च. व्हिएतनामी माणूस कर्म. वॉशिंग्टनमधल्या स्मारकावर ५८ हजारांहून जास्त अमेरिकन नावं कोरलेली आहेत. व्हिएतनाम सरकारच्या १९९५च्या अंदाजानुसार त्यांची सुमारे ३० लाख माणसं मेली. तिथे या युद्धाला 'अमेरिकन युद्ध' म्हणतात.

व्हिएत थान न्युयेन यांच्या 'द सिम्पथायझर' (२०१५) या कादंबरीत याच प्रकाराची मस्त खिल्ली आहे. व्हिएतनामवरच्या हॉलिवूडपटाची पटकथा वाचून नायक दिग्दर्शकाला विचारतो, यात आमच्या एकाही माणसाला संवाद कसा नाही? बाओ निन्ह मात्र वाद घालतच नाहीत. ते स्वतः उत्तर व्हिएतनामकडून लढले. त्यांच्या 'द सॉरो ऑफ वॉर'मधला किएन युद्धानंतर जंगलात आपल्या सैनिकांचे अवशेष गोळा करतो. तिथे अमेरिकन माणूस जवळजवळ नाहीच. दुःखाच्या केंद्रस्थानी त्याची गरजच पडत नाही.

कुणी म्हणेल, कोपोलानं अमेरिकेचीच गोष्ट सांगायची ठरवली, तर बिघडलं कुठे? काहीच नाही. बिघडतं ते त्याची गोष्ट जगभर डिफॉल्ट होते तेव्हा. डिफॉल्ट सेटिंग कुणीतरी निवडलेली असते, हे वापरणाऱ्याच्या लक्षातही येत नाही. आम्हा चौघांच्या आलं नव्हतं.

पण फक्त अमेरिकेकडे बोट दाखवून थांबणं सोयीचं आहे. १९७१चं युद्ध मी शाळेत 'भारत-पाक युद्ध' म्हणून शिकलो: १३ दिवस, दणदणीत विजय. बांगलादेशात ते 'मुक्तियुद्ध' आहे आणि ते मार्चपासून नऊ महिने चाललं. ढाक्यातल्या शरणागतीच्या फोटोत सही करणारे नियाझी आणि शेजारी बसलेले अरोरा मला लहानपणापासून ओळखता येतात. त्या समारंभाला बांगलादेशच्या सैन्याचे प्रतिनिधी म्हणून ए. के. खंदकार हजर होते.

हे नाव मला हा लेख लिहायला घेतल्यावर कळलं.